तुम्ही विचारलंत म्हणून: एडीएचडीच्या गोळ्या जरा जास्तच दिल्या जातात का?

मी मुलांची मानसोपचारतज्ज्ञ आहे हे कळलं की हा प्रश्न येतोच. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा यांचा विकार. माझं उत्तर असं आहे: काही मुलांना या गोळ्या गरज नसताना दिल्या जातात आणि गरज असलेल्या कित्येकांपर्यंत त्या पोचतच नाहीत. हे दोन्ही एकाच वर्गात घडू शकतं.

तेरा देश आणि हाँगकाँग इथल्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा २०१० साली एडीएचडीचं औषध घेणाऱ्या मुलांचं प्रमाण कुठे ०.२७ टक्के, तर कुठे ६.६९ टक्के निघालं. जवळजवळ पंचवीसपट फरक! मुलांचे मेंदू काही सीमेपलीकडे गेल्यावर एवढे बदलत नाहीत. बदलतात त्या डॉक्टरांच्या सवयी, शाळांच्या अपेक्षा आणि औषधांचे नियम.

मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो जन्मतारखेचा मुद्दा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि जानेवारीतलं जवळपास वर्षाने मोठं. तिथल्या नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. जानेवारीतल्या मुलग्यांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांना औषध मिळण्याचं प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त होतं. मुलींमध्ये हाच फरक ७७ टक्क्यांचा. सहा वर्षांच्या पोरासाठी एक वर्ष म्हणजे केवढं मोठं अंतर! त्या वयाला साजेसा चुळबुळेपणा आजार म्हणून नोंदला गेला आणि त्यावर औषध सुरू झालं, याचं मला फार वाईट वाटतं.

शाळेतून भरून येणारा फॉर्म पाहिलात तर हे कसं होतं ते कळेल. अठरा लक्षणं, प्रत्येकापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमीच'पर्यंतचे रकाने. 'जागेवर बसून राहत नाही' यापुढे 'नेहमीच'वर खूण असते. पण कोणाच्या तुलनेत? बाई शेजारच्या बाकावरच्या मुलाशीच तुलना करणार, आणि तो अकरा महिन्यांनी मोठा असू शकतो. यात बाईंचा दोष नाही. जन्मतारीख पाहून फॉर्म वाचायचं काम आमचं आहे. शिवाय लक्षणं सहा महिने टिकलेली हवीत, घरी आणि शाळेतही दिसायला हवीत, आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडायला हवं. घाईच्या तपासणीत नेमकं हेच विचारायचं राहतं.

दुसरीकडे, खिडकीबाहेर बघत बसणारी शांत मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिचं नाव कुणी माझ्यापर्यंत आणत नाही. ती मोठी होते, नोकरीत अडखळते आणि पस्तिशीत निदान होतं. २०१३ साली निदानाचे अमेरिकन निकष बदलले: लक्षणांची सुरुवात वयाच्या सातव्याऐवजी बाराव्या वर्षाआधी झालेली चालते आणि मोठ्यांना सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. मोठ्यांची प्रिस्क्रिप्शनं वाढली की लगेच फॅड म्हणू नका. त्यात हे मागे राहून गेलेले लोकही आहेत.

औषधांबद्दल म्हणाल तर ती नवी नाहीत. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरांनी मुलांवर बेंझेड्रिन या उत्तेजक औषधाचा परिणाम नोंदवला आणि १९५४ साली मिथाइलफेनिडेट हे त्याच प्रकारचं औषध रिटालिन नावाने बाजारात आलं. योग्य मुलाला योग्य डोस मिळाला की फरक खरंच दिसतो. वही पूर्ण होते, घरातली रोजची भांडणं कमी होतात. पण भूक मंदावते, झोप उशिरा लागते, उंचीची वाढ थोडी रेंगाळू शकते. म्हणून डोस लहानापासून सुरू करून हळूहळू वाढवायचा आणि उंची, वजन, नाडी, रक्तदाब वेळोवेळी नोंदवायचे.

हे पुढचं काम मात्र फार दुर्लक्षिलं जातं. तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा लिहिली जाते आणि मुलाला उंची मोजायलाही कुणी उभं करत नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना थेट विचारा की हे औषध अजून लागतंय का आणि ते कशावरून ठरवलं. जाताना शाळेचा ताजा फॉर्म सोबत न्या, आणि मूल वर्गात वयाने सगळ्यात लहान असेल तर ते आपणहून सांगा.