तुम्ही विचारलंत म्हणून: ते तळं साफ का करत नाहीत?

सलीम अली सरोवराच्या कडेला मी सकाळी दुर्बीण घेऊन उभी असते. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी थांबतं आणि एकच गोष्ट विचारतं. फिरायला निघालेले काका विचारतात, मुलाला शाळेत सोडून परतणारी एखादी ताई विचारते. संक्रांतीला पुण्याहून आलेल्या आमच्या वन्संनीही तेच विचारलं, "अगं, इतकं मोक्याचं तळं आणि किती गबाळं ठेवलंय! ते गवत उपटून, चारी बाजूंनी दगडी घाट बांधून, दोन बोटी सोडल्या तर काय देखणं होईल. साफ का करत नाहीत?"

याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आज सवडीने लिहिते.

बाहेरगावच्यांसाठी आधी थोडं सांगते. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तर अंगाला, दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेच्या समोर हे तळं आहे. मोगलांच्या काळी याला खिजरी तलाव म्हणत. पुढे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचं नाव दिलं गेलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली होती आणि तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. त्यामुळे मला हे नाव इथे अगदी घरचं वाटतं.

आता त्या गवताकडे येऊ. ते पाणकणीस आहे. पुरुषभर उंच वाढतं, वर बाजरीच्या कणसासारखं तपकिरी कणीस येतं. वन्संना मी त्या दिवशी उत्तर दिलंच नाही, दुर्बीण हातात दिली आणि पाणकणसाच्या बुडाशी बघा म्हटलं. तिथे जांभळी पाणकोंबडी होती. कोंबडीएवढा देह, निळाजांभळा रंग, चोच आणि कपाळ लालभडक, पाय लांब आणि तेही लाल. तिने एक कोवळा दांडा चोचीने ओढून काढला. मग तो एका पायाच्या लांब बोटांत धरला, चोचीने वरची साल सोलून बाजूला टाकली आणि आतला पांढरा गाभा तुकड्या-तुकड्याने खाल्ला. वन्सं एकदम म्हणाल्या, "अगं, ही तर ऊस सोलून खातेय!" अगदी तसंच. फडात बसून पोरं खातात तसं.

तर ते गवत म्हणजे तिचं स्वयंपाकघर. तिचं बाळंतपणही तिथेच होतं. पावसाळ्यात ती तेच दांडे वाकवून, तुडवून पाण्याच्या जरा वर घरटं करते. साधी पाणकोंबडीही तिथेच असते. शिवाय पाणकणसाच्या मुळांभोवती जे जिवाणू वाढतात, ते पाण्यातली घाण थोडीफार पचवतात. आपण उपटून टाकायला निघालोय ते हे.

दगडी घाटाचं मला त्याहून जास्त वाटतं, कारण ती चूक दिसायला सुंदर दिसते. तळ्याची कड उतरती असते. आधी ओली माती, मग बोटभर पाणी, मग वीतभर, मग गुडघाभर. या उतारावर प्रत्येकाची जागा ठरलेली असते. धोबी ओल्या मातीवर शेपूट हलवत किडे टिपतो. तुतवार बोटभर पाण्यात चिखल टोचत फिरतो. शेकाट्याचे गुलाबी पाय हातभर लांब वाटतात, तो आणखी आत शिरतो. बगळा त्याच्याही पुढे जाऊन निश्चल उभा राहतो. प्रत्येकाच्या पायाची उंची आणि चोचीची लांबी त्या-त्या पाण्याला बेतलेली आहे. तिथे सरळ भिंत बांधली की कड संपते. भिंतीला लागूनच खोल पाणी सुरू होतं आणि उरतात ते फक्त पोहणारे. बाकीच्यांना पाय टेकायला जागाच नाही.

पोहणाऱ्यांचंही मला कौतुक आहेच. आपल्या माणसांनी त्यांना काय नावं ठेवलीत बघा! एका बदकाच्या काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं असतं आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन लाल ठिपके असतात. त्याचं नाव हळदी-कुंकू. दुसरा अंगाने काळा, चोच पांढरी आणि चोचीपासून वर कपाळावर गोपीचंदन लावल्यासारखा पांढरा पट्टा. हिवाळ्यात थव्यांनी येतो, थव्यानेच राहतो. त्याचं नाव वारकरी. नाथांच्या पैठणपासून पन्नासेक किलोमीटरवर राहणाऱ्या मला हे नाव घेताना दर वेळी आनंद होतो. हा वारकरी उडताना आधी पाण्यावरून पाय आपटत धावतो, मग हवेत उठतो. बोटी फिरायला लागल्या तर त्याला दिवसभर हेच करावं लागेल.

एक गोष्ट सांगते, अजून सलते. काही वर्षांपूर्वी, पावसाळा लागल्यावर, इथल्याच एका तळ्यावर कडेचं गवत काढायला यंत्र आलं. हेतू चांगलाच असणार, तळं नीटनेटकं दिसावं एवढाच. दोन दिवसांत एक अख्खी बाजू उघडी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर एक जांभळी पाणकोंबडी त्या उघड्या चिखलावर चालत होती. थोडं जायची, थांबायची, परत त्याच जागी यायची. तिचं घरटं तिथेच होतं हे मला ठाऊक होतं, आदल्या आठवड्यात मी ते पाहिलं होतं. उपटलेल्या गवताचा ढीग बाजूलाच वाळत पडला होता. त्यात हात घालून बघायचं धैर्य मला झालं नाही.

मग साफ काहीच करायचं नाही का? करायचं आणि मनापासून करायचं. पण घाण कोणती ते आधी ओळखायला हवं. शहरातल्या तळ्याची खरी घाण म्हणजे सांडपाणी. त्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात, म्हणजे खतच. त्या खतावर जलपर्णी माजते. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, आपली नव्हे. फुलं जांभळी, सुरेख असतात, लोक फोटो काढतात. पण ती पाण्यावर अशी गच्च चटई अंथरते की खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून हवेसाठी धडपडतात. जलपर्णी काढलीच पाहिजे, पावसाळ्याआधी, आणि काढून कडेलाच कुजायला न टाकता लांब नेली पाहिजे. मात्र सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय आत येत राहिलं, तर काढलेली जलपर्णी काही आठवड्यांत परत येते. यंत्र दिसतं, त्याचं उद्घाटन होतं. नाल्याचं पाणी कुठे जातं ते कुणाला दिसत नाही. खरं काम मात्र तिथेच आहे. निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी गाठ मारून पाण्यात टाकणं तर आपल्याच हातात आहे. ते आजपासून थांबवता येईल.

पटत नसेल तर हिवाळ्यात एकदा नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, जाऊन या. जायकवाडीचं धरण १९७६मध्ये पूर्ण झालं, १९८६मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झालं. पाणी अडवलं ते शेतीसाठी, पक्ष्यांसाठी कुणी काही बांधलं नाही. पण पाणी उतरत जातं तसा दूरवर उथळ काठ उघडा पडतो. शेतकरी त्यात गाळपेर करतात आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस आणि चक्रवाक बदकं, शिवाय कधी रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवेही त्याच उथळात उतरतात. तिथे जे मोठ्या प्रमाणावर घडतं, ते इथे दिल्ली गेटजवळ ओंजळभर घडतंय.

बघायला यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता उजाडता. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, १२ तारीख सलीम अलींच्या. मुलांना आणायला तो आठवडा चांगला. माशांना पाव, कणकेचे गोळे टाकू नका, पाण्यात कुजतात. दुर्बीण नसली तरी चालेल. एका जागी वीस मिनिटं उभं राहिलं की पक्षी आपल्याला विसरतात.

गेल्या आठवड्यात वन्संचा पुण्याहून फोन आला. तब्येत झाली, मुलांच्या परीक्षा झाल्या, ठेवता ठेवता म्हणाल्या, "तिचं ते गवत आहे ना गं जागेवर?"

आहे, म्हटलं. आज सकाळीच बघून आले.