टाकीपासून एक मीटर (तपासणी ड्रोनचा लॉग, काटोल ट्रिप)

मित्रांनो, दोन महिन्यांनी लिहून राहिलो. नागपुरात घर विमानतळाला लागून, त्यामुळे इथे ड्रोनचे प्रॉप (पंखे) काढून टेबलावरच बेंच टेस्ट करतो, उडवायला काटोलला मामाच्या संत्र्याच्या बागेत जावं लागतं. तिथं चार कॉलमवर उभी सिमेंटची टाकी आहे, बीमच्या सांध्यातून पाझरते. तिच्या भेगांचे फोटो ड्रोननं काढायचेत.

ड्रोनचा सांगाडा तोच, चार पंख्यांचा एफ450, उडवणारं सॉफ्टवेअर आर्डूपायलट. समोर टीएफ-लूना हा प्रकाशानं अंतर मोजणारा सेन्सर लावलाय, भिंतीपासूनचं अंतर मोजायला, आणि खाली ऑप्टिकल फ्लो, म्हणजे जमिनीचं चित्र बघून ड्रोन किती सरकला ते ओळखणारा सेन्सर, कारण टाकीच्या बुडाशी गेलं की जीपीएस भरकटतो. पहाटे सहालाच उडवलं, ऊन वर आलं की लूनाची रेंज कमी होते. पहिल्या दोन फ्लाइट मस्त. तिसऱ्यात ड्रोन हळूहळू डावीकडे सरकत गेला आणि पंख्यांभोवतीचा गार्ड कॉलमला घासला. लॉग (उड्डाणाची नोंद) उघडून बघितला तर फ्लोची क्वालिटी एकदम पडलेली, खाली टाकीतून गळलेल्या पाण्याचं डबकं! पाण्यात आभाळ चमकत होतं, सेन्सरला पकडायला काहीच नाही. मामांनी जुना बारदाना आणून अंथरला, वर चार क्रेट पालथे घातले, मग ड्रोन जागेवर खिळल्यासारखा उभा राहिला बाप्पा!

आता खरी गोष्ट फोटोची. आयएस 456 मध्ये (काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक) भेगेच्या रुंदीची साधारण मर्यादा 0.3 मिमी, सतत ओल असेल तर 0.2. माझा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा कॅमेरा 3 एक मीटरवरून एका पिक्सेलमध्ये जवळपास 0.28 मिमी पकडतो, म्हणजे महत्त्वाची भेग जेमतेम एक पिक्सेल. सांध्यावरची भेग शिडी लावून क्रॅक गेजने (भेगेची रुंदी मोजायची पट्टी) मोजली, 0.4 मिमी भरली, फोटोत मात्र नुसती धूसर रेघ. अजून जवळ न्यायचं तर प्रॉपच्या हवेनं ड्रोन भिंतीकडे ओढला जातो, तो धोका मला पत्करायचा नाही. म्हणून रास्पबेरी पायचाच एचक्यू कॅमेरा आणि 16 मिमी लेन्स लावतोय, दीड मीटरवरूनही पिक्सेलला 0.15 मिमी मिळतं, फक्त दृश्य अरुंद असल्यामुळे शटर 1/1000 सेकंदापेक्षा हळू ठेवता येणार नाही (फोटो हलेल) आणि फोटो भरपूर काढावे लागतील.

दुरुस्तीचं म्हणाल तर इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या प्रकल्पात ड्रोनवर डांबराचा थ्रीडी प्रिंटर बसवून दाखवलाय, पण उभ्या भिंतीवर काही दाबून भरायचं म्हणजे भिंत तेवढ्याच जोरानं मागं ढकलते. त्यामुळे आधी फक्त भेगेवर रंगाची खूण करायची, भरायचं काम गवंड्याकडे. मामांनी पाडव्यापर्यंत टाकी रिकामी ठेवायचं कबूल केलंय.