किल्ली माझ्याकडे

१ फेब्रुवारी, रात्री पावणेअकरा

नवऱ्याला थंडी वाजते. हे मला लग्नानंतर कळलं. म्हणजे आधी सहा महिने रोज तासतासभर फोनवर बोलत होतो, नोकरी, पगार, देवधर्म, मुलं कधी, सगळं विचारून झालेलं, पण तुला थंडी वाजते का असं कोण कशाला विचारेल? आमचं लग्न मे महिन्यात झालं, नागपुरात, भर उन्हात, आणि अलिबागकडून आलेल्या वऱ्हाडाची अवस्था बघून मला वाटलेलं की ही माणसं उन्हाला कच्ची आहेत. नोव्हेंबरात कळलं की आपला नवरा थंडीलाही तेवढाच कच्चा. त्यांच्याकडे जानेवारीतसुद्धा रात्री पंखा लावून झोपतात, आणि स्वेटर ही वस्तू घरात फक्त माथेरानच्या सहलीपुरती.

मी पडले नागपूरची. डिसेंबरात आमच्या गल्लीत संध्याकाळी शेकोटी पेटते, टायर नको रे जाळू म्हणून कोणीतरी ओरडतं, आणि सकाळी सात वाजता आम्ही शाळेत प्रार्थनेला कुडकुडत उभं राहून मोठे झालो. त्यामुळे इथे पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की हा मोबाईल हातात धरून घरभर तापमान दाखवत फिरतो तेव्हा मला हसू आवरत नाही. गिझर लावायचा, मग पाणी तापलं का बघायला पांघरुणातूनच मला पाठवायचं, मी म्हणणार काऊन, तुला पाय नाहीत का, मग हा माझ्या काऊनची नक्कल करणार, मग आणखी पाच मिनिटं जाणार, मग ऑफिसला उशीर. अशी आमची रोजची सकाळ.

आईने दिवाळसणाला जावयासाठी स्वतः विणलेली कानटोपी दिली होती. मरून रंगाची, वर गोंडा. त्याने तोंडभरून कौतुक केलं आणि घरी आल्यावर बॅगेच्या तळाशी टाकली. म्हणलं घाल की, तुला वाजते ना थंडी, तर म्हणे मी काय लाफ्टर क्लबला जाणारा आजोबा आहे का.

तर थंडीत फिरायचा आमचा पहिला बेत सिंहगड. डिसेंबरातला रविवार, पहाटे साडेचारला ॲक्टिव्हावर निघालो. खडकवासल्याला धरणाच्या कडेने जाताना पाण्यावरून जो वारा येतो ना, तो थेट हाडात शिरतो, तिथे मलाही दात वाजवावे लागले पण मी सांगितलं नाही. आतकरवाडीला गाडी लावली आणि चढायला लागलो. रविवारी सिंहगडाची पायवाट म्हणजे लक्ष्मी रोड, म्हाताऱ्या लोकांचे ग्रुप आपल्याला मागे टाकून टणाटणा वर जातात आणि वर जाता जाता चलाऽ चलाऽ अशी दयाही दाखवतात. हा दर दुसऱ्या टपरीवर थांबून लिंबू सरबत पीत होता, मी म्हणलं अरे तानाजीने रात्रीत दोर लावून कडा चढला, १६७० साली, फेब्रुवारीत, तेव्हाही थंडीच असेल, तर म्हणे त्यांना लढाईला जायचं होतं, मला पिठलं खायला जायचंय, घाई कसली.

वर पुणे दरवाजातून आत शिरल्यावर मात्र छान कोवळं ऊन लागलं. देवटाक्याचं पाणी प्यायलो, मग एका मावशींच्या झोपडीत पिठलं-भाकरी, ठेचा, भरीत, आणि मडक्यातलं दही, ते उलटं केलं तरी पडत नाही असलं. दोन तास नुसते इकडेतिकडे फिरलो, कल्याण दरवाजाकडे जाऊन बसलो, फारसं काही बोललोही नाही. उतरून पार्किंगला आलो आणि गाडीची किल्ली नाही.

किल्ली माझ्याकडे होती. माझ्याकडे नव्हती. पर्स उलटी केली, खिसे तपासले, रडायच्या बेताला आले. वर मावशींकडे राहिली असणार, दुसरं कुठे जाणार. हा काही बोलला नाही. एक शब्द नाही. तू बस इथे म्हणला आणि परत गड चढायला लागला. तो दिसेनासा झाल्यावर अर्ध्या तासाने मी स्वेटरच्या खिशात हात घातला तर बोट भोकातून आत गेलं आणि अस्तरात, पार खाली शिवणीपाशी, काहीतरी टोचलं.

फोन लावला, रेंज नाही. परत लावला, नाही. शेजारी ताक विकणाऱ्या आजी माझ्याकडे बघत होत्या, त्यांना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता ह्ये काय लवकर येत न्हाय, ताक घ्या." मी तीन ग्लास ताक प्यायले. दोन तासांनी हा खाली आला, चेहरा लालबुंद, वर मावशींनी चुलीतली राखसुद्धा उकरून बघितली म्हणे. मी हात पुढे केला, हातावर किल्ली. तो किल्लीकडे बघत राहिला, मग तिथेच जमिनीवर फतकल मारून बसला आणि आजींना म्हणला, "एक ताक द्या. पैसे ही देईल."

बस्स, एवढंच. घरी जाताना खडकवासल्याला कणीस खाल्लं तेही त्याने घेतलं. मला आठवतंय मी त्या रात्री आईला फोन करून हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणलं आई, माणूस बरा दिसतोय. आई म्हणे, अव माय, लग्नाला सात महिने झाले, आता सांगतेस? पण खरं सांगू का, फोनवरचा माणूस आपापल्या घरात पंख्याखाली बसून बोलत असतो, तिथे सगळेच चांगले असतात. दुसऱ्यांदा गड चढायला लावलेला माणूस कसा वागतो ते फोनवर कुठे कळणार. तेव्हापासून मात्र कुठेही निघालो की दारातच खिशावर हात मारून ऐकवतो, किल्ली माझ्याकडे आहे. घरी पाहुणे असले तरी.

भिगवणला त्याच्या ऑफिसातल्या मित्राची कार मागून घेतली, कारण सोलापूर रोडने शंभर किलोमीटर पहाटे ॲक्टिव्हावर जायचं म्हणजे मीसुद्धा नाही म्हणले असते. फ्लेमिंगो बघायचे होते. उजनी धरणाचं पाणी मागे पार भिगवणपर्यंत पसरलंय, त्या पसरट उथळ पाण्यात हिवाळ्यात पक्षी उतरतात. कुंभारगावला पोचलो तर काय, धुकं. समोरची नाव दिसेना. नावाड्याने सांगितलं तास-दीड तास तरी बसावं लागेल, मग त्यांच्या घरी चुलीपाशी बसलो, काळा चहा पीत. तिथे मी बघितलं तर नवऱ्याने जॅकेटच्या आतून ती मरून कानटोपी काढली, इकडेतिकडे बघितलं, आणि घातली. गोंड्यासकट. मी काहीच बोलले नाही, हसलेही नाही, कारण बोलले असते तर परत बॅगेच्या तळाशी गेली असती. म्हणजे कधीतरी माझ्या नकळत तळातून वर आली होती बघा.

धरण व्हायच्या आधी आमचं गाव तिकडं होतं, असं नावाड्याने पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, जसं आपण सांगतो ना की आमचं जुनं घर त्या चौकात होतं. धरण पुरं झालं १९८० मध्ये, याचा जन्मच त्यानंतरचा, त्याने ते गाव बघितलेलंच नाही, तरी आमचं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा या म्हणाला.

धुकं उठलं आणि नाव निघाली, तेव्हा खरी गंमत. मला नावेची भीती वाटते हे मलाच माहीत नव्हतं! अंबाझरी तलावात पायडल मारायची बोट सोडली तर मी बसलेय कशात? दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून डोळे समोर लावून बसले, आणि हा, नोव्हेंबरपासून पांघरुणात कुडकुडणारा हा, आरामात एका बाजूला रेलून हात पाण्यात सोडून बसलेला, वर नावाड्याशी जाळ्यांच्या गप्पा. अगो घाबरतेस काय, पाणी कमरेएवढं पण नाय, असं त्याच्या घरच्या बोलीत म्हणला. आधी पट्टकदंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे, हे हिमालय ओलांडून येतात. मग चक्रवाक. मग नावाड्याने इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलायला सुरुवात केली आणि लांबवर एक फिकट गुलाबी रेघ होती ती हळूहळू पाय फुटल्यासारखी वेगळी व्हायला लागली.

फ्लेमिंगो दिसायला एवढे नाजूक, पण आवाज अगदी बदकांच्या भांडणासारखा. आणि खाताना मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतात, वरचा भाग खाली, चिखल-पाणी गाळून घेतात, एकीकडे पाय जागच्या जागी नाचवतात. मी इतका वेळ बघत होते की फळी कधी सोडली कळलंच नाही. मग एकदम सगळे उडाले, आणि बसलेले असताना फिके दिसणारे पंख आतून लालभडक निघाले, अग्निपंख का म्हणतात ते तेव्हा कळलं. फोटो एकही धड आला नाही. एका फोटोत खूप पाणी आणि कोपऱ्यात मरून गोंडा आहे. परत आल्यावर तळलेली चिलापी मासळी आणि ज्वारीची भाकरी, त्यावर लिहायला बसले तर आजची रात्र पुरायची नाही.

पहिली संक्रांत सासरी. स्वारगेटवरून एसटीने गेलो, बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालंय त्यामुळे मी पूर्ण प्रवासभर त्याला ऐकवलं की तू महागात पडतोस. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि सगळ्या शेंगा घातलेली भाजी, दुसऱ्या दिवशी काळी साडी आणि हलव्याचे दागिने. सासूबाईंनी ओळखीच्या काकूंकडून करून घेतले होते, मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, सगळं. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवलेला. तरी एक मुंगी पोचलीच. फोटोग्राफर म्हणजे माझी नणंद, ती हस हस म्हणतेय आणि बिंदीखाली मुंगी मला कडकडून चावतेय, सगळ्या फोटोंत माझी एक भुवई वर आहे. नवऱ्याला हलव्याचा हार आणि हलव्याचं घड्याळ. फोटो संपायच्या आत त्याने घड्याळ खाल्लं. सासूबाई म्हणाल्या लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचं अळीव पण खायचा हा.

आणि शनिवारी रात्री चुलत सासऱ्यांच्या वाडीत पोपटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, पाण्याचा थेंब नाही, वरून परत पाला कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवून द्यायच्या. इथे मी माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा त्याच्या मुलखात काम करताना बघितलं. हाफ पँट, अनवाणी, हातात लांब काठी, सगळ्यांना सूचना देत जाळाभोवती फिरतोय, थंडी कुठे गेली देव जाणे. अर्ध्या तासाने त्याने ओंजळीतून मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, झाली म्हणला. मडकं फोडलं नाही, नीट उपसलं, तो वास अजून माझ्या शालीला आहे.

मी शेंग सोलून खाल्ली आणि अगदी सहज म्हणलं, आमच्याकडे तुरीच्या शेंगा उकडतात ना, तश्याच लागतात. एकदम शांतता. चुलत सासरे म्हणाले, "सूनबाई, उकडतात?" त्या एका शब्दात माझ्या अख्ख्या माहेराची इज्जत गेली. नवरा जाळापलीकडून हसत होता, वाचवायला आला नाही, त्याचे मार्क कापलेत मी.

आज दुपारी बाबांचा फोन होता. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबरात पाठवली होती, आता मृग बहाराची यायला लागलीत, एक पेटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर ठेवलीय, पहाटे साडेपाचला वाघोलीला उतरवून घ्या. मागे आईने फोन हिसकावून विचारलं, जावईबापू टोपी घालून राहिले का? मी काही बोलायच्या आत हाच ओरडला, हो आई, रोज!

रोज वगैरे काही नाही. पण आत्ता बाहेर जाऊन बघितलं तर चपलांच्या स्टँडवर उद्यासाठी टोपी काढून ठेवलीय, आणि टोपीत किल्ली. अलार्म पावणेपाचचा. म्हणलं मी पण येते, तर पांघरुणातून आवाज आला, ये, पण तो भोकवाला स्वेटर घालू नको.