आधी शेपटी बघा

दुपारी जेवणं झाल्यावर मावशी मांजरीला मांडीवर घेऊन कुणाच्या तरी लग्नाची लांबलचक गोष्ट सांगत होती आणि मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, कारण माझं लक्ष शेपटीवर. आधी नुसतं टोक हललं, मग अख्खी शेपटी सोफ्यावर आपटायला लागली, पाठीवरची कातडी थरथरली, कान आडवे... "मावशी, हात काढ" म्हणेपर्यंत कचकन चावा! वर मावशीच म्हणते, काय विश्वासघातकी जात आहे. अगं, एवढ्या नोटिसा देऊन चावणारं दुसरं कोण आहे?

मला ही खोडच आहे. कुणाच्या घरी मांजर दिसलं की मी माणसांशी धड बोलत नाही. गालांवर, हनुवटीखाली खाजवलेलं बहुतेकींना चालतं, पण पोट दाखवलं म्हणजे आमंत्रण दिलं असं नसतं हे लोकांना कोण सांगणार.

लहानपणी आमच्याकडे एक बोका होता, अगदी एवढूसा असताना एकटाच आलेला. भावंडांत खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू ओरडतं, खेळ बंद पडतो, तिथेच पिल्लं दात आवरायला शिकतात. याला मिळाला आमचा दादा, रोज रात्री चादरीखाली पायाची बोटं नाचवणारा. बोका मोठा झाल्यावर आजोबा बाथरूमला जायचे ते काठी आपटत, कारण दाराआडून कधी घोट्यावर झेप येईल सांगता यायचं नाही. दोरीला बांधलेलं एखादं खेळणं हलवलं असतं तर आजोबांचे घोटे वाचले असते.

आणि खिडकीबाहेर परका बोका दिसला की संपलंच. त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग राग निघतो शेजारून जाणाऱ्याच्या पोटरीवर, ऑफिसातला राग घरी काढणारे असतात ना, तसंच. हा पारा उतरायला कधीकधी तासन्‌तास लागतात, म्हणून पडदा ओढायचा आणि गुपचूप दुसऱ्या खोलीत जायचं. समजूत घालायला जवळ गेलात की तुमचा नंबर. फटका तर मारूच नये, त्याने भीती वाढते आणि पुढचा चावा जास्त खोल लागतो.

म्हातारपणी मात्र आमचा बोका नुसता उचलला तरी फिस्कारायचा. सगळे म्हणायचे, वयाने खवट झालाय. एरवी उडी मारून कपाटावर जाणारा तो, खुर्चीवर चढतानाही थांबायला लागला होता. सांधे दुखत असतील, दात दुखत असतील, थायरॉईडही असू शकतो. डॉक्टरकडे त्याला कुणीच नेलं नाही.