बुवांची खंजिरी

जुलैत शाळांमध्ये गायला जायचं म्हणजे आधी कातड्याची काळजी. बोकडाच्या कातड्याची खंजिरी, म्हणजे एका बाजूनं मढवलेली लहान डफली, पावसाळी हवेत उतरते, थाप मारली की नुसतं भद्द वाजतं. मग कार्यक्रमाआधी ती शेकावी लागते. मी शाळेच्या स्वयंपाकखोलीत जाऊन खिचडीच्या शेगडीजवळ उभी राहते. पोषण आहार शिजवणाऱ्या बायांशी माझ्या ओळखी अशाच झाल्या, आणि कोणत्या शाळेत मुलांवर खरंच जीव आहे हे मुख्याध्यापकांच्या खोलीपेक्षा तिथे लवकर कळतं. उन्हाळ्यात सगळं उलट. नागपूरच्या ४५ अंशांत कातडं इतकं चढतं की आतून ओला हात फिरवल्याशिवाय खालचा स्वर निघतच नाही.

मुलांसाठी निसर्गाची पुस्तकं लिहायची आणि खंजिरीवर गात ती शाळाशाळांत न्यायची, हे माझं काम. लोकांना वाटतं आधी पुस्तक होतं आणि त्याच्या विक्रीसाठी गाणं. माझ्याकडे गाणं आधी येतं. लहानपणी भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाईची गाणी म्हटली, डब्यातली खिरापत ओळखली. त्या सवालजवाबाची चाल अंगात बसली ती बसलीच. नवं गाणं मुलांपुढे म्हणून पाहते. ज्या ओळीला पोरं चुळबुळतात ती कापते. उरतं त्याचं पुस्तक, सोळा पानांचं, कारण छापखान्याचा फॉर्म सोळा पानांचा असतो आणि सतराव्या पानासाठी कोणी पुढचा फॉर्म लावत नाही. शहरातल्या मोठ्या शाळा मानधन देतात आणि पाऊण तास देतात, त्यातलाही बराचसा पाहुण्यांच्या भाषणात जातो. जिल्हा परिषदेच्या शाळा शाल-श्रीफळ देतात आणि अख्खी दुपार देतात. मला दुपार हवी असते.

ज्या शाळेबद्दल सांगायचंय ती उमरेड रस्त्याच्या बाजूची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

त्या दिवशी मी घोरपडीचं गाणं घेतलं होतं. मुलांना घोरपड माहीत असते ती १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईतली, दोर बांधून कडा चढलेली. ती दंतकथा आहे असं सांगितलं की बिचारी हिरमुसतात. खऱ्या घोरपडीबद्दल गावात ऐकलेलं असतं ते एवढंच, की ती विषारी, तिचं तेल गुडघ्यांना चांगलं आणि मटण त्याहून चांगलं. पूजेच्या सामानाच्या दुकानांत ‘हत्ताजोडी’ म्हणून जी मुळी विकतात ती कोणत्याच झाडाची मुळी नसते, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. मुलांपुढे हे बोलत नाही, पण शिक्षकांना मी जाईन तिथे सांगते, आणि काहींच्या चेहऱ्यावरून कळतं की ती त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. शिकल्यासवरल्या माणसांनी तरी हे थांबवायला नको का? म्हणून ते गाणं:

वारुळाच्या दारी कोण गं, कोण गं?
दुभंगली जीभ जिची, तीच गं, तीच गं.

पुढे ती काय खाते (किडे, उंदीर, अंडी, मेलेलं जनावर), अंडी कुठे घालते, माणसाला पाहून कशी पळते, हे सगळं मुलं विचारतात आणि मुलंच सांगतात. त्या दिवशी गाणं रंगलं. मागच्या ओळीतली मोठी पोरं, जी सहसा भिंतीला टेकून असतात, तीही पुढे सरकली.

गाणं संपलं आणि दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, पांढरी टोपी, काखेत फडक्याची गुंडाळी. गावच्या भजनी मंडळाचे बुवा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–१९६८) विदर्भात खंजिरी गावोगाव गेली, आणि त्यांच्या मागे ती जिवंत ठेवली ती अशाच बुवांनी. कुणी त्यांचे कार्यक्रम लावले नाहीत, कुणी पुरस्कार दिले नाहीत. बुवांनी फडकं सोडलं. आत लहानशी, काळपट लाकडाची खंजिरी. म्हणाले, “ताई, लय आयकलं तुमचं. माह्या बापाची हाये हे. घरी वाजवणारा कोनी उरला नाई. आता तुमीच ठेवा.”

हातात घेतली आणि लगेच कळलं. पान, म्हणजे वर मढवलेलं कातडं, पातळ, पिवळसर, आणि उजेडात धरलं की बारीक दाण्यांच्या ओळी. बोकडाच्या कातड्यावर तशा ओळी नसतात.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, “आबाजी, हे कशाचं कातडं हाये?”

“घोरपडीचं,” बुवा अभिमानानं म्हणाले. “आता भेटत नाई असं.”

वर्ग गप्प झाला. मग एक मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, गाण्यातली तेच का?”

बाहेरच्यांना हा प्रसंग किती अवघड होता ते कळायचं नाही, म्हणून सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. अशी वस्तू भेट म्हणून देणं गुन्हा, घेणंही गुन्हा. आणि समोर ऐंशीच्या घरातला माणूस बापाची आठवण दोन्ही हातांनी देतोय. मुख्याध्यापकांनी काय करावं? “टाळ्या!” म्हणाले आणि मोबाइल काढला. भेट स्वीकारतानाचा फोटो हवा, तालुक्याच्या ग्रुपवर टाकायला. हल्ली फोटो नसेल तर कार्यक्रम झालाच नाही असं शिक्षण खात्यात धरतात. त्या फोटोनं उद्या बुवांच्या दारात वनखात्याची गाडी उभी राहिली असती. मी खंजिरी बुवांच्या हातात परत ठेवली, सरांना फोटो नको म्हणून स्पष्ट सांगितलं आणि बुवांना म्हटलं, “आधी तुम्ही वाजवून दाखवा.”

ते खाली मांडी घालून बसले. डाव्या पंजात कड धरली, मधली दोन बोटं पानाच्या कडेला टेकवली. उजव्या हाताची थाप पडली की डावी बोटं पान दाबत मधे सरकायची आणि खालचा स्वर ओढत ओढत वर जायचा, जणू कुणी हुंकार देतंय. माझ्या खंजिरीतून ती ओढ कधीच एवढी लांब निघत नाही. बोकडाचं पान जाड, ते बोटाखाली वाकतच नाही. फायबरच्या पानाचं तर नावच नको. ते पावसात उतरत नाही एवढाच त्याचा गुण. आणि बुवांचं पान त्या ओल्या हवेतही बोलत होतं. एवढा घुमारा मी त्याआधी कोणत्याच खंजिरीतून ऐकला नव्हता. हे लिहिताना मला त्रास होतो, पण लिहिलं नाही तर खोटं होईल.

वाजवून झाल्यावर मुलांनी टाळ्या पिटल्या. मग तोच मुलगा उठला, “आबाजी, तुमीच मारली का?”

“नाई बाबू. माह्या बापानं इकत आनली होती. तवा बाजारात भेटे. कोनाले वाईट नाई वाटे.”

मी मुलांना कायदा सांगितला, अगदी साध्या शब्दांत. आबाजींच्या बाबांच्या वेळी असा कायदा नव्हता, आता आहे. घोरपडी पुष्कळ आहेत असं तेव्हा वाटायचं, आता कमी झाल्या. ही खंजिरी वाजली तशी दुसरी आता बनवायची नाही. मुलांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलं का, हे मी सांगू शकत नाही.

बुवांचं काय झालं तेच डोक्यातून जात नाही. व्हरांड्यात त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की बुवा, ही मला घेता येत नाही, तुमच्याच घरी राहू द्या. त्यांनी फडकं गुंडाळलं. “म्हंजे मी मेलो का हे बी गेली,” एवढंच म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. प्राणी वाचवा म्हणणाऱ्या आम्हा लोकांना कायदा सांगता येतो, पण ज्याच्या हातातली कला त्या कातड्यावर घडली त्याला पुढे काय द्यायचं, याचं उत्तर आमच्यापैकी कुणी शोधलेलं नाही. लोककला जपा म्हणणारे त्याहून बेफिकीर. त्यांना महोत्सवात फेटे हवे असतात.

मी त्यांच्याकडे शिकायला जायला लागले, माझीच खंजिरी घेऊन. नागपुरात वाद्यं मढवणाऱ्या एका कारागिराकडून कोवळ्या बकरीचं, घासून पातळ केलेलं पान चढवून घेतलंय. बुवा अंगठा फिरवतात, मान हलवतात, अजून पातळ म्हणतात. कारागीर म्हणतो अजून पातळ केलं तर फाटेल. सध्या तिथेच अडलंय.

घोरपडीच्या पुस्तकात मी एक जोडपान वाढवलंय: वारुळाशेजारी बसलेला म्हातारा, मांडीवर खंजिरी, आणि समोर प्रश्न विचारणारा मुलगा. प्रकाशकांना ते नको आहे. मुलांचं पुस्तक आहे, गोड ठेवा, म्हणतात. शिवाय दोन पानं कुठली काढणार? मी अंड्यांचं जोडपान काढायला तयार आहे, हे नाही.