सुई, गाठी आणि आखडलेला खांदा

आज ठाण्यातल्या क्लिनिकमध्ये फ्रोझन शोल्डरचे, म्हणजे आखडलेल्या खांद्याचे, पेशंट लागोपाठ आले. बहुतेकांचा प्रश्न एकच: "ड्राय नीडलिंग केलं की हात वर जाईल ना?"

ड्राय नीडलिंग म्हणजे औषध न घालता नुसती बारीक सुई स्नायूत टोचणं. ही सुई सांध्याचं आखडलेलं आवरण सोडवत नाही, ती स्नायूतल्या ट्रिगर पॉइंटवर, म्हणजे दुखऱ्या गाठींवर, काम करते. म्हणून आधी कोपर अंगालगत ठेवून हात बाहेर फिरवून बघायचा. कळ यायच्या आधीच ठाम अडला, तर अडचण मुख्यतः आवरणाची आणि सुईचा फायदा थोडाच. स्नायू ताठरल्यामुळे हात थांबला तर सुईला वाव आहे.

सबस्कॅप्युलॅरिस, म्हणजे खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाच्या आतल्या बाजूचा स्नायू, काखेतून गाठायचा. साधारण ०.३० बाय ५० मिमीची सुई, टोक फऱ्याच्या हाडाकडे, फासळ्यांकडे कधीच नाही. मान आणि खांद्यामधला ट्रॅपेझिअस स्नायू तर चिमटीत उचलूनच टोचावा, नाहीतर फुप्फुसाला भोक पडू शकतं! स्नायू टचकन उडाला की जागा बरोबर.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. मधुमेह असेल तर साखरही तपासून घ्या, त्यांच्यात हा आजार जास्त दिसतो आणि लांबतोही.

नंतर एक-दोन दिवस ठणका राहतो, शेक द्या. पण सुईनंतर लगेच काठी धरून हात बाहेर फिरवण्याचा व्यायाम हवाच. तो टाळला की मिळालेली हालचाल परत जाते.