कावासाकीची ती संध्याकाळ

रविवारची दुपार आज आयडब्ल्यूए जपान या छोट्या, स्वतंत्र कुस्ती कंपनीने २० ऑगस्ट १९९५ रोजी कावासाकी स्टेडियममध्ये भरवलेल्या ‘किंग ऑफ द डेथमॅच’ स्पर्धेचे जुने चित्रीकरण पाहण्यात गेली. आठ मल्ल, बाद पद्धत आणि सगळे एकाच दिवसात. म्हणजे अंतिम फेरी गाठणाऱ्याने काटेरी तारा, टाचण्या आणि खिळ्यांच्या फळ्या यांतून दोनदा तावूनसुलाखून निघाल्यावर तिसऱ्यांदा रिंगणात उतरायचे. निकाल आधीच ठरलेला असतो हे मला ठाऊक आहे, परंतु तारेने फाटलेली कातडी ठरवून खोटी करता येत नाही, त्यामुळे मी काही वेळा चक्क मान फिरवली.

अंतिम लढतीत वयाची पन्नाशी उलटलेला टेरी फंक आणि कॅक्टस जॅक, म्हणजेच मिक फोली, समोरासमोर होते. रिंगणात मोठा स्फोट होणार म्हणून सगळे श्वास रोखून बसले होते आणि तो निघाला फुसका बार! (दिवाळीत आमच्याही वाट्याला असे बरेच आले आहेत.) तरीही त्या दोघांनी शिडी आणि तारांच्या आधारे लढत पुन्हा उभी केली. शेवटी कॅक्टस जॅक जिंकला, पण माझी नजर शेवटपर्यंत फंकवरून हलली नाही.